दिवस जवळ आला

जयवंताबाईंची झोप उलटली तेव्हा केशवला आधी रागच आला. आंधळ्या आईवर कसला राग धरायचा, हे त्यालाही कळत होतं. पण रात्रभर जागणाऱ्या आणि दिवसभर घोरणाऱ्या माणसाबरोबर दोन खोल्यांत राहून बघा, म्हणजे समजेल. म्हातारी भलत्या वेळी उठायची, चुलीपाशी जाऊन भांडी चाचपायची आणि सुनेला हाक मारायची, "प्रेमिला, चहा नाही ठेवला काय वं अजून?" प्रेमिला बिचारी डोळे चोळत उठून सांगायची, "माय, दोन वाजले आहेत. निजा." म्हातारी काही निजायची नाही. आणि दुपारी ताट पुढे ठेवलं की पहिल्या घासालाच मान टाकायची.

ही गोष्ट अडुसष्ट सालच्या जानेवारीतली. हिंगणा रोडवर, शहर संपल्यावर, संत्र्याचा एक सरकारी फार्म होता. तिथल्या हवामानाच्या नोंदी केशवकडे होत्या. पाऊस किती पडला, पारा किती चढला, वारा कुठून आला हे सकाळी साडेआठला बघायचं आणि वहीत लिहायचं. माणूस नोंदीचा पक्का. कुणी म्हटलं, "आज लई गरम होऊन राहिलं," तर हा विचारणार, "किती?" त्याच्या लेखी ज्याला आकडा नाही ती नुसती बडबड. प्रेमिला चिडली की म्हणायची, "माहा राग किती डिग्री आहे तेही लिहून ठेवा एकदाचा."

क्वार्टरच्या ओट्यावरून पूर्वेला पाहिलं की आधी अंगण, मग उपकरणांचं तारेचं कुंपण, त्यामागे विहीर, मग संत्र्याची बाग आणि शेवटी कापलेल्या तुरीचं वावर. कुंपणात एका खांबावर काचेचा भरीव गोळा होता, मोसंबीएवढा. ऊन त्या गोळ्यातून जाऊन मागच्या निळ्या पट्टीवर पडे आणि पट्टीला जाळत जाई. सकाळचं ऊन एका टोकाला जाळी, संध्याकाळचं दुसऱ्या टोकाला. दिवस बुडाला की केशव पट्टी काढायचा, नवी घालायचा. ऊन किती तास होतं ते त्या जळक्या रेघेवरून कळे. साधं यंत्र. ना किल्ली, ना काटे, बिघडणार काय त्यात कपाळ?

आईचे डोळे काचबिंदूने चार वर्षांपूर्वी गेले होते. रामटेकजवळच्या गावी ती एकटीच राहायची, दिवाळीनंतर केशव तिला इकडे घेऊन आला. झोपेचं हे असं झाल्यावर तो तिला सायकल रिक्षातून सीताबर्डीवरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, नवीन पुस्तकं वाचणारे.

ते म्हणाले, "माणसाच्या आत एक घड्याळ असतं. ते रोज थोडं मागे पडतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की पुन्हा जागेवर येतं. आपण रेडिओ ऐकून घड्याळ लावतो ना, तसं. यांना उजेडच नाही, म्हणून घड्याळ भरकटलं."

"पण डोळेच नाहीत, तर उजेड जाणार कुठून?"

"दिसत नसलं तरी थोडा पोचत असेल. रोज सकाळी सूर्याकडे तोंड करून अर्धा तास बसवा. वेळ चुकवू नका."

केशवने वेळ चुकवली नाही. रोज सूर्योदयाला तो आईला ओट्यावर पाटावर बसवायचा. ती विचारायची, "निघाला काय गा दिवस?" तो म्हणायचा, "निघाला." मग ती दोन्ही हात जोडून, पाहुण्याला बोलवावं तसं मोठ्यांदा म्हणायची, "ये बापा, ये!" शेजारच्या क्वार्टरमधला देवाजी माळी हसायचा. "माय, तो येतेच आहे, कशाले बोलावून राहिल्या?" म्हातारी म्हणायची, "येणाराले ये म्हणाव लागते. नाही म्हटलं तर तो काहून येईन?"

अठराव्या दिवशी जयवंताबाई रात्री नऊला निजल्या त्या सकाळी सहाला उठल्या. प्रेमिलाने आनंदाने शिरा केला. केशवने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: 'आई. झोप नऊ तास.' त्याला आपल्या आकड्याचं इतकं कौतुक वाटलं की त्याने खाली रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात ती साडेपाचला उठली.

"दिवस निघाला," म्हणाली आणि चाचपत ओट्यावर जाऊन बसली. बाहेर मिट्ट काळोख. सूर्य निघायला सव्वा तास होता. केशव म्हणाला, "माय, अजून लई वेळ आहे." ती म्हणाली, "तुले नसंल दिसत." आंधळ्या बाईने डोळसाला असं म्हणावं! प्रेमिलाला फस्सकन हसू आलं. केशवलाही आलं.

दुसऱ्या दिवशी ती सव्वापाचला उठली, तिसऱ्या दिवशी पाचला. केशवने वेळा लिहिल्या. रोज पंधरा मिनिटं अलीकडे, एका मिनिटाचाही फरक नाही. घड्याळ आता दुसऱ्या बाजूने भरकटलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण पाचव्या दिवशी साडेचारला तो तिच्याबरोबर बाहेर आला, तर देवाजीच्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडून अंगणात दाणे टिपत होत्या. काळोखात. कोंबडीला अंधारात काही दिसत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या मात्र नेमके दाणे उचलत होत्या, आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला होती.

त्या संध्याकाळी पट्टी काढली तेव्हा सकाळच्या टोकाला, सूर्योदयाच्याही अलीकडे, एक जळका डाग दिसला. रेघ नव्हे, गोल डाग, चवलीच्या नाण्याएवढा. केशव थेट देवाजीकडे गेला.

"देवाजी, पट्टीले बिडी लावली का तू?"

"मी? माह्या लेकराची आण, साहेब! मी कुंपणातसुद्धा गेलो नाही."

"मग कोणी जाळलं?"

"मले काय मालूम? ऊन जाळत असंल."

"तितक्या लवकर ऊन कोठून येईन?"

देवाजीने खांदे उडवले. वहीत शेऱ्याच्या रकान्यात केशवने लिहिलं: 'पट्टी सदोष.' दुसऱ्या दिवशी गठ्ठ्याच्या मधली पट्टी घातली. तीही सदोष निघाली, आणि डाग आता रुपयाएवढा झाला होता.

इकडे म्हातारीचं वेगळंच. सकाळी तिघं चहा पीत होती, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "केशवा, दिवस जवळ आला गा."

केशवने कप खाली ठेवला. प्रेमिलाने पदर तोंडाला लावला. सत्तरीच्या बाईने असं म्हटल्यावर दुसरा काय अर्थ घ्यायचा? तो म्हणाला, "असं नको बोलू, माय. अजून लई वर्षं आहेत तुले." तिने मान हलवली. "नाही गा. रोज थोडा थोडा जवळ येऊन राहिला. मले समजते ना."

आणि खरंच ती वाळत चालली होती. नऊला निजली तरी मध्यरात्र उलटेपर्यंत डोळा लागत नसे, रात्रीची झोप आता तीन तासांवर आली होती. दुपारीही डोळा लागत नव्हता, जेवण तुटलं होतं. केशवने बहिणीला पत्र टाकलं. रुखमाबाई रामटेकच्या एसटीने आली ती स्टँडपासूनच रडत आली असावी. गंगाजलाचा गडू, तुळशीची पानं, आईला आवडतो तो तिळाचा लाडू, सगळी तयारी. आल्या आल्या तिने आईचे पाय धरले आणि हंबरडा फोडला, "माय वं, मले सोडून कोठं चालली वं!"

जयवंताबाई दचकल्या. "कोण मेलं?"

"तूच म्हणून राहिली ना, दिवस जवळ आला म्हणून!"

"अवं बयाबाई!" म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. "मी काय मरून राहिली काय? शिकले-सवरले, पण बोलीच विसरले तुम्ही लोकं! दिवस म्हणतो मी, दिवस! सकाळी निघते आणि सांजच्याले बुडते, तो दिवस!"

केशव लाजला. लहानपणी गावात सूर्याला सूर्य म्हणतंय कोण? दिवस निघाला, दिवस बुडाला, दिवस डोक्यावर आला. नोकरीत पंधरा वर्षं 'सूर्योदय' लिहून लिहून तो आपल्या आईची बोली खरोखर विसरला होता. त्यालाही हसू आलं. रुखमा डोळे पुसत हसायला लागली, प्रेमिलाने हसत हसत गडू फडताळात ठेवला.

मग हसता हसता केशव थांबला.

"माय, दिवस जवळ आला म्हणजे?"

"जवळ म्हणजे जवळ. पहिले तुरीच्या वावरापलीकडं निघे. मग बागेत निघायले लागला. जवळून यायचा, म्हणून लवकर यायचा." तिने हात लांब करून नेमकं बोट दाखवलं. कधीच न पाहिलेल्या जागेकडे. "आज विहिरीपाशी निघाला."

रुखमाचा हात लाडवाच्या डब्यावर तसाच राहिला.

दुसऱ्या पहाटे म्हातारी ओट्यावर जाऊन बसल्यावर केशव कंदील घेऊन विहिरीवर गेला. साडेतीन वाजले होते. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. त्याने विहिरीच्या काठच्या दगडावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. दगड तापला होता. मे महिन्यात दुपारी तापतो तसा. त्याने दुसरा दगड चाचपला, तिसरा चाचपला. बागेकडचे दगड गार होते, घराकडचे भाजत होते. कंदिलाच्या उजेडाखेरीज तिथे काहीच दिसत नव्हतं. तो, चाळीस वर्षांचा बाप्या, पळत घरी आला.

ओट्यावर आई हात जोडून बसली होती. "त्याच्या अंगावर पाय तर नाही ना दिला?" तिने विचारलं.

कंदील वर धरून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा रापला होता. नाकाची आणि गालांची कातडी उन्हाने सोलवटली होती.

त्याच सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दगडांचं केशव त्यांना काही बोलला नाही. बोलणार तरी काय? डॉक्टर म्हणाले, "सकाळचं ऊन बंद करा. सहापर्यंत आतल्या खोलीत, पूर्ण अंधारात ठेवा. यांना झोप लागलीच पाहिजे. नाडी बघताय ना? अशा जाग्या राहिल्या, तर आठवडा काढणार नाहीत."

परतताना रिक्षात केशव आईचा हात धरून बसला. हात काडीसारखा झाला होता. लहानपणी आपल्याला ताप आला की हीच बाई तीन-तीन रात्री जागायची, आणि आता आपल्याला हिला एक रात्र निजवता येत नाही, या विचाराने त्याला रडू फुटलं. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं आणि गुपचूप पुढे बघायला लागला.

घरी आल्यावर त्याने आतल्या खोलीच्या खिडकीला घोंगडी ठोकली. संध्याकाळी नवी पट्टी घातली. पहाटे तीनला, आई अजून आत असताना, तो ती बघायला गेला.

सकाळच्या टोकाला काही नव्हतं. पट्टी कोरी होती. हुश्श करून तो वळणार तोच कंदिलाचा उजेड दुसऱ्या टोकावर पडला.

संध्याकाळचं टोक जळून आरपार भोक पडलं होतं.

संध्याकाळचं टोक पश्चिमेचं ऊन जाळतं. खांबाच्या पश्चिमेला काय होतं? अंगण. अंगणानंतर घर.

म्हणजे ते खांब ओलांडून पुढे गेलं होतं.

केशव घरात धावला. ओट्याचं दार लावलं, कडी घातली, वरची खिट्टी सारली, दाराशी धान्याची कोठी ओढली. प्रेमिला आणि रुखमा जाग्या होऊन बसल्या होत्या. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात जयवंताबाई उभ्या होत्या. आनंदाने त्यांचं तोंड फुललं होतं.

"आला," त्या म्हणाल्या. "दारात उभा आहे. उघड गा."

"नाही उघडत."

"पाहुणा दारात, आणि कडी लावते? कोणाचं घर आहे हे?"

"माय, तू मरशील! निजली नाही तर मरशील तू, समजून राहिलं का तुले?"

ती पुढे आली. त्याने तिचे खांदे धरले आणि त्याच्या तळव्यांना चटका बसला. तिच्या लुगड्याला उन्हात वाळत घातलेल्या कपड्याचा वास येत होता. दाराच्या फटीतून काही दिसत नव्हतं, एक किरण नाही. पण दाराचं लाकूड तडतडायला लागलं होतं, आणि कडीवर हात ठेवून प्रेमिला किंचाळली.

म्हातारी त्याच्या हातातून निसटायला लागली. काडीसारख्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "ये बापा," ती म्हणाली, "ये..."

"जा!" केशव दाराकडे तोंड करून ओरडला. "जा इथून! जा!"

दाराची तडतड थांबली.

जयवंताबाईंचं तोंड पडलं. "काय बोलला रे तू?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "जाणाराले कोणी जा म्हणते काय? जाणारालेही ये म्हणाव लागते. ये म्हण, केशवा. लवकर. ये म्हण त्याले."

केशवने 'ये' म्हटलं नाही. दात आवळून उभा राहिला.

त्याच्या हातातले खांदे गार झाले. मान त्याच्या छातीवर कलली. क्षणभर त्याला वाटलं, संपलं. मग त्याला तिचा श्वास ऐकू आला. संथ आणि खोल. म्हातारी उभ्या उभ्या झोपली होती.

त्याने तिला उचलून आतल्या खोलीतल्या बाजेवर ठेवलं. नऊ दिवसांनी आई अशी गाढ झोपली होती. त्याने कपाळ तिच्या पायांवर टेकलं आणि पोरासारखा रडला. प्रेमिलाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "निजल्या बाप्पा एकदाच्या," ती म्हणाली, आणि ती न् रुखमा तिथेच सतरंजीवर आडव्या झाल्या.

केशव निजला नाही. सहा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी सूर्य निघाला तो त्याने ओट्यावर उभं राहून पाहिला. तुरीच्या वावरापलीकडे, रोजच्या जागी, लालबुंद. त्याचा जीव भांड्यात पडला.

साडेआठला तो नोंदी घ्यायला गेला. आभाळ स्वच्छ. रस्त्यावर बैलगाडी नव्हती, सायकल नव्हती. हिंगण्याकडे कामाला जाणारी माणसं कुठे गेली, असं त्याच्या मनात येऊन गेलं. देवाजीचं दार बंद होतं. कोंबड्या खुराड्यात पंखांत मान घालून बसल्या होत्या, आणि खुराड्याचं दार सताड उघडं होतं.

त्याने पट्टी पाहिली. रात्रीच्या भोकाखेरीज तिच्यावर काही नव्हतं. पावणेदोन तास लख्ख ऊन, आणि साधी पिवळी छटासुद्धा नाही.

गोळ्यामागे, जिथे ऊन एकवटतं तिथे, पांढरा ठिपका चमकत होता. केशवने त्यात बोट धरलं. तिथे धरलेलं बोट टिचकी वाजवायच्या आत भाजतं. त्याने मनात साठपर्यंत आकडे मोजले. ठिपका नखावर तसाच थरथरत राहिला. कसलीच ऊब नव्हती.

"ये," केशव म्हणाला. मग त्याने वर, आभाळाकडे तोंड केलं आणि मोठ्यांदा म्हटलं, "ये बापा, ये!" तो उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे दिपत नव्हते.

तो घराकडे पळाला. आई बाजेवर झोपली होती, हलवलं तरी हलेना. रुखमाचंही तेच. प्रेमिलाच्या तोंडावर खिडकीतलं ऊन थेट पडलं होतं. घोंगडी केव्हाच निसटली होती. त्याने तिला गदगदा हलवलं. "प्रेमिला! ऊठ वं! नऊ वाजले!"

प्रेमिलाने डोळे उघडले. तिच्या बुबुळांत पूर्ण खिडकी उन्हासकट दिसत होती. तिने त्या उन्हाकडे पाहिलं आणि वैतागून कूस बदलली.

"काहून उठवून राहिले?" ती म्हणाली. "उजाडू तर द्या."